गुणाजी तरसाचं बाळंतपण

एका जंगलात एक तरस राहत होता. जंगलाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही ते शोधायला जाल, आणि तुम्ही ते शोधलंत हे लगेच कुणाला तरी कळेल. तेव्हा नाव राहू द्या, जरा सरकून बसा आणि ऐका.

तरसाचं नाव गुणाजी. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका गुहेत तो एकटा राहायचा. तरसाची पाठ पुढून उंच आणि मागून उतरती असते. त्यामुळे गुणाजीची कंबर कायम दुखायची. स्वभावाने तो अगदी गरीब होता. जिवंत प्राण्याच्या अंगावर तो आयुष्यात कधी धावून गेला नव्हता. दुसऱ्यांनी खाऊन टाकलेलं, उरलंसुरलं, त्यावर त्याचं भागायचं. पण मुलांनो, चेहरा तरसाचा असला की स्वभाव विचारायला कुणी थांबत नाही. गुणाजी समोरून आला की लोक वाट बदलायचे. त्यालाही आता त्याची सवय झाली होती.

त्याच जंगलात खवलेशेठचं दुकान होतं.

खवलेशेठ म्हणजे खवले मांजर. नाव मांजर, पण ते मांजर नव्हे. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की अंगाचा गोळा करून पडून राहायची सवय. त्याचं दुकान मोठ्या वडाखाली होतं, पण तिथे कुणी जात नसे. जायची गरजच नव्हती. दुकानच घरी यायचं.

रोज सकाळी प्रत्येकाच्या दारात पळसाचं एक पान यायचं. मुंग्या ते डोक्यावर धरून आणायच्या. पानावर वस्तूंची चित्रं असायची. हव्या त्या चित्रावर पंजा किंवा खूर उमटवला की संध्याकाळपर्यंत वानर ती वस्तू घरी टाकून जायचा. बदल्यात मध, डिंक, चारोळ्या, ज्याच्याकडे जे असेल ते द्यायचं. आणि रोज पानासोबत एक बत्तासा फुकट.

बत्ताशाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'आपण बत्तासा खाल्लात म्हणजे आपली कशालाच हरकत नाही असे आम्ही समजू. बत्तासा नको असल्यास पानाची मागची बाजू पाहावी.' मागच्या बाजूला लिहिलेलं असायचं, 'पुढची बाजू पाहावी.' तेव्हा सगळे बत्तासा खायचे. गोड होता, शिवाय फुकट होता.

बत्तासा ठिसूळ. खाताना त्याचा चुरा अंगावर सांडायचा आणि केसांत अडकून बसायचा. प्राणी पाणवठ्यावर गेले की चुरा त्यांच्याबरोबर जायचा. शेजाऱ्याकडे गेले की तिथेही जायचा. आणि जिथे चुरा पडेल तिथे मागून मुंग्या. कोण कुठे गेलं, कुणापाशी थांबलं, कशाकडे जरा जास्त वेळ बघत राहिलं, हे सगळं मुंग्या खवलेशेठला येऊन सांगायच्या. नीट सांगणाऱ्या मुंग्या कामावर राहायच्या. नीट न सांगणाऱ्यांना खवलेशेठ खाऊन टाकायचा. याला तो कर्मचारी कपात म्हणायचा.

त्यामुळे एकाच्या दारातलं पान दुसऱ्याच्या पानासारखं कधी नसायचं. रानडुकराला कंद दिसायचे. मोराला आरसे दिसायचे. गुणाजीला हाडं दिसायची, लहान, मोठी आणि मध्यम. प्राणी खूश होते. एवढ्या मोठ्या धंद्यात शेठ आपल्याला एकेकट्याला ओळखतो, याचं त्यांना फार अप्रूप होतं.

आता काय झालं ते ऐका.

ओढ्याच्या पलीकडे जांभळाखाली शेवंता नावाची हरणी राहायची. तिला पाडस झालं. घरात ती, पाडस आणि तिची सासू. नवरा दूरच्या माळावर शिंगांच्या कुस्त्या खेळायला गेलेला. सासूने वानराला सांगितलं, की बारशाचं आमंत्रण ओढ्याकाठच्या सगळ्या घरी देऊन ये. वानराने ते शब्दशः घेतलं. सगळ्या घरी म्हणजे त्यात गुणाजीची गुहाही आली.

गुणाजीला आजवर कुणी कशालाच बोलावलं नव्हतं. आमंत्रण ऐकून तो बराच वेळ दारातच उभा राहिला. मग त्याने अंघोळ केली. बारशाला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तो पान घेऊन बसला. पानावर सगळी हाडंच. त्याने दारातल्या मुंगीला गाठून सांगितलं, की मला बाळासाठी काहीतरी हवंय. मुंगीने तुरुतुरु जाऊन दुसरं पान आणलं. गुणाजीने त्यातलं एक मऊ टोपडं आणि एक खुळखुळा निवडला.

बारशाला तो गेला, आणि तो येताच पाळण्याचं गाणं मध्येच थांबलं. सशांच्या बायका मुलांना घेऊन उठल्या. गुणाजीने टोपडं आणि खुळखुळा खाली ठेवला आणि लांब जाऊन बसला. सासूने दोन्ही वस्तू पायाने बाजूला सारल्या. शेवंताने मात्र मान हलवून त्याला बसून राहा म्हटल्यासारखं केलं. पण सगळे आपल्याकडेच बघतायत हे पाहून गुणाजी उठला आणि घुगऱ्या न खाताच घरी परतला.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पान आलं.

पानावर एकही हाड नव्हतं. वरच्या बाजूला फुलांची वेलबुट्टी होती आणि लिहिलं होतं, 'ताई, अभिनंदन. पाडसाला आशीर्वाद.' खाली डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, बाळंतशेपा, धुरीसाठी ओवा, अंगाला लावायचं तेल आणि कानाला बांधायचा रुमाल.

गुणाजीने पान उलटसुलट करून पाहिलं. शेवंताचं पान चुकून आपल्याकडे आलं असं त्याला वाटलं. पण वर त्याच्याच गुहेचं चित्र होतं. मग त्याच्या ध्यानात आलं. टोपडं आणि खुळखुळा घेतला तो आपण. घेऊन गेलो ते हरणांच्या घरी, तेही अंघोळ करून. मुंग्यांनी दोन आणि दोन जोडून आपल्याला हरणी करून टाकलं होतं. त्यातून नुकतीच बाळंत झालेली.

त्याला आधी हसू आलं. मग त्याने खालची ओळ वाचली. लिहिलं होतं, 'ताई, कंबर दुखते का?'

मुलांनो, गुणाजीची कंबर जन्मापासून दुखत होती. हा प्रश्न त्याला आजवर कुणीही विचारला नव्हता. त्याने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि 'हो'वर पंजा उमटवला.

दुसऱ्या दिवशी पानाने विचारलं, 'रात्री झोप होत नाही का?' तरस रात्रीचा जागाच असतो. गुणाजीने पुन्हा 'हो'वर पंजा उमटवला. पुढच्या दिवशी विचारलं, 'घरचे मदत करत नाहीत का? एकटं वाटतं का?' यावर त्याने इतक्या जोरात पंजा उमटवला की पान फाटलं.

लाडू आले. लाडू चांगले होते. कंबरेला खरंच आराम पडला. मग शेपा आल्या, ओवा आला, तेल आलं. गुहेत धुरी घेतली की ऊब यायची. रुमाल बांधला की ओढ्यावरचा वारा कानात जायचा नाही. आणि रोज सकाळी कुणीतरी 'ताई' म्हणून चौकशी करायचं. 'आज बरं वाटतंय ना?' असं विचारायचं. गुणाजी सकाळची वाट पाहू लागला.

पण तो प्रामाणिक होता. आपण कुणाला फसवतोय ही टोचणी त्याला लागली. एक दिवस त्याने मुंगीला स्पष्ट सांगितलं, की बाई, मी हरणी नाही, मला बाळ नाही, मी साधा तरस आहे. मुंगी म्हणाली, वर कळवते.

दुसऱ्या दिवशी पान आलं. लिहिलं होतं, 'ताई, बाळंतपणानंतर असे विचार मनात येतात. घाबरू नका.' आणि खाली ब्राह्मीचं सरबत.

तेव्हा गुणाजी उठून थेट वडाखाली गेला. खवलेशेठ ढोलीत पडून जीभ आत-बाहेर करत होता. गुणाजीने त्याच्यासमोर उभं राहून सगळी हकिगत सांगितली आणि म्हणाला, "शेठ, आता तुम्हीच डोळ्यांनी बघा. मी हरणी आहे का?"

खवलेशेठने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दिसायला तुम्ही तरस दिसता खरे," तो म्हणाला, "पण दिसण्यावर धंदा चालत नाही, ताई."

मग गुणाजीने विचारलं, की माझ्याबद्दल हे जे तुम्ही ठरवलंय, ते आणखी कुणाला सांगितलंत का? हा प्रश्न ऐकताच खवलेशेठने अंगाचा गोळा केला. गुणाजीने वाट पाहिली. गोळा उलगडला नाही. शेवटी तो घरी परतला.

प्रश्न मात्र बरोबर होता. कारण खवलेशेठ जसा वस्तू विकायचा, तसे गिऱ्हाइकही विकायचा. याला तो भागीदारांशी स्नेहसंबंध म्हणायचा. आणि त्या जंगलात त्याचा सर्वांत जुना भागीदार होता दौलतराव बिबट्या.

दौलतराव एके काळचा नामांकित शिकारी. पण आता वय झालं होतं. उजवा गुडघा धरायचा. वास घेत रानोमाळ हिंडणं त्याने कधीच सोडलं होतं. तो आपला पान उघडून बसायचा. त्याच्या पानावर वस्तू नसायच्याच. वर लिहिलेलं असायचं, 'खास आपल्यासाठी, आपल्या जवळपास.' आणि खाली कोण कुठे राहतं, कोण लंगडतंय, कोण एकटं आहे, कुणाच्या घरातले कर्ते गावाला गेलेत, असं सगळं मांडलेलं.

त्या दिवशी त्याच्या पानावर पहिली ओळ होती, 'एकटी हरणी, नुकतीच बाळंत. ओढ्याच्या वरच्या अंगाची गुहा. झोप नाही, कंबर धरलेली, पळण्याची शक्यता कमी.'

आणि दुसरी ओळ होती, 'हरणी, पाडस व म्हातारी सासू. ओढ्यापलीकडचे जांभूळ. नवरा परगावी.'

दौलतरावाने पहिली ओळ निवडली. गुहा जवळ होती आणि मध्ये चढ नव्हता.

उन्हं कलली होती. गुणाजी गुहेत धुरी घेत बसला होता. कानाला रुमाल, हातात लाडू, आणि आत धूर इतका की त्याला स्वतःचे पाय दिसत नव्हते. दौलतराव दबकत दबकत दाराशी आला. आत त्याला नुसता धूर दिसला आणि धुरात एक रुमाल. ओव्याचा आणि शेपेचा वास येत होता. पानात लिहिलं होतं अगदी तसंच सगळं होतं. त्याने झेप घेतली.

तोंडात भरभरून केस आले. राठ, आखूड, तरसाच्या आयाळीचे.

गुणाजी घाबरला. आणि तरस घाबरला की हसतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या हसण्याने सगळी गुहा दणाणली. दौलतराव उडून मागच्या भिंतीवर आदळला आणि गुडघा धरून खाली बसला.

धूर जरा विरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हरणी कुठाय?" दौलतरावाने विचारलं.

"मीच," गुणाजी म्हणाला, आणि त्याला सगळं समजावून सांगितलं.

दौलतरावाचा विश्वास बसेना. त्याने गुणाजीचे पट्टे पाहिले, दात पाहिले आणि पुन्हा पान पाहिलं. पान आजवर कधी चुकलं नव्हतं. तो बराच वेळ एकदा पानाकडे आणि एकदा गुणाजीकडे बघत राहिला, आणि यातलं खरं काय ते त्याला ठरवता येईना. गुणाजीला त्याची दया आली. त्याने त्याला एक डिंकाचा लाडू दिला. गुडघ्यालाही चांगला असतो म्हणाला.

लाडू खाता खाता दौलतरावाने ते पान खाली ठेवलं. गुणाजीने ते सहज पाहिलं, आणि दुसऱ्या ओळीवर त्याची नजर थांबली. जांभूळ. पाडस. सासू. नवरा परगावी. यातला शब्द न् शब्द खरा होता.

लाडू संपवून दौलतराव उठला. आता आलोच आहे तर दुसरीकडे जाऊन येतो म्हणाला.

गुणाजी आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता. पण दारातून बाहेर पडणाऱ्या बिबट्याकडे बघताना त्याला बारशाच्या दिवशीची शेवंताची हललेली मान आठवली.

"जा की," तो म्हणाला. "पण गुडघा सांभाळून चढा. जांभळाखाली माझा थोरला भाऊ राहतो. तोही सगळं असंच मागवतो. माझ्यापेक्षा अंगाने दुप्पट आहे, आणि त्याला झोपेतून उठवलेलं चालत नाही."

दौलतराव थांबला. त्याने ओढ्यापलीकडचा चढ पाहिला. आयाळीचा एक केस अजून त्याच्या दातात अडकला होता. तो जिभेने काढत दौलतराव आपल्या घरच्या वाटेला लागला. पान तिथेच राहिलं.

तो दिसेनासा होताच गुणाजी ते पान तोंडात धरून जांभळाकडे धावला. तरस येताना पाहून सासू शिंगं नसलेलं डोकं खाली घालून त्याच्या अंगावर आली. शेवंताने तिला आवरलं. गुणाजीने लांबूनच पान पुढे टाकलं. शेवंताने ते वाचलं. आपण पाडसासाठी काय घेतलं, कोणत्या दिवशी घेतलं, नवरा गावाला गेला म्हणून चारा कमी मागवला, या सगळ्याचं मिळून त्या एका ओळीत काय झालं होतं ते तिला कळलं.

त्याच संध्याकाळी ती पाडसाला आणि सासूला घेऊन टेकडीमागच्या करवंदाच्या जाळीत राहायला गेली. कुणाला काही सांगितलं नाही.

सकाळी उठली तर दारात पान. वर लिहिलं होतं, 'नवीन घराच्या शुभेच्छा.'

आता तुम्ही म्हणाल, शेवंताने बत्तासा खायचं सोडून का नाही दिलं? तिने सोडला होता. पण पाडसाच्या अंगावर आधीचा चुरा होताच. आणि सासूने तर ऐकूनच घेतलं नाही. फुकट आलेलं टाकून द्यायचं आपल्या घरात वळण नाही, असं तिचं म्हणणं पडलं. शेवंता तिच्याशी तरी किती भांडणार? ती पाडसाला सासूपाशी ठेवून गुणाजीकडे आली.

"गुणाजीभाऊ, आता पळून तरी कुठे जाऊ?" ती म्हणाली. "मी खरं तेच घेतलं. जे लागत होतं तेच मागवलं. मग माझंच असं का व्हावं?"

गुणाजीने बराच विचार केला. मग म्हणाला, की ताई, मी वाचलो तो शूर म्हणून नाही, शेठचा माझ्याबद्दल गैरसमज आहे म्हणून वाचलो. तुमच्याबद्दल त्याचा एकही गैरसमज नाही. तो करून द्यायला हवा.

शेवंताने त्याच दिवशी मुंगीला सांगून दुसरं पान मागवलं आणि त्यातून नखं घासायचा दगड, मिशांचं तेल आणि सुळे पांढरे करायची पूड मागवली. वस्तू आल्यावर सासूने कपाळाला खूर लावला. पण पुढच्या सकाळचं पान 'साहेब, सलाम' असं म्हणत आलं. आणि दौलतरावाच्या पानावर करवंदाच्या जाळीपुढे लिहून आलं, 'वाघ. तरुण. दात नुकतेच घासलेले.' दौलतरावाने त्या बाजूला पाठ फिरवली ती कायमची.

अशी गोष्ट लपून राहत नाही. शेवंताने सशीणबाईंना सांगितलं, सशीणबाईंनी साळिंदराला, साळिंदराने साऱ्या रानाला. बघता बघता जंगलात सगळे भलतंसलतं मागवायला लागले. सशाच्या बिळाबाहेर हत्तीची झूल वाळत पडली. रानडुकराने मोरपिसांचा पंखा घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून त्यावर बसला. मोराने नांगराचा फाळ घेतला. घोरपडीने पावसाळी कुंची घेतली, तीही जुळ्यांची. वानर वस्तू पोचवून पोचवून टेकीला आला. आरसे आणि कंद कुठे न्यायचे हेच त्याला समजेना.

सगळ्यांना वाटलं, आता शेठ बुडाला. त्याला आपल्यातलं कोण कोण आहे हेच कळेनासं झालंय. धंदा बसणार. एके दिवशी सगळे मिळून त्याची फजिती बघायला वडाखाली गेले.

वडाखाली गर्दीच गर्दी होती. शेजारच्या पिंपळाखाली नवीन शाखा निघाली होती. मुंग्यांची भरती चालली होती. खवलेशेठ गोळा होऊन पडला होता, पण तो प्रश्नाला घाबरून नव्हे. तो हसत होता. हसताना पोट दुखायचं म्हणून त्याने पोट धरलं होतं, इतकंच.

साळिंदराने विचारलं, की शेठ, यात हसण्यासारखं काय आहे? तेव्हा त्याने तोंड बाहेर काढून समजावून सांगितलं. पूर्वी ससा गाजर घ्यायचा. आता ससा गाजरही घेतो आणि हत्तीची झूलही घेतो. एक पोटासाठी आणि एक जिवासाठी. प्रत्येक घरामागे विक्री दुप्पट झाली होती.

त्या दिवशी घरी परतल्यावर प्रत्येकाच्या दारात पान आलेलं होतं. सगळ्यांना एकच पान, जंगलात पहिल्यांदाच. 'दुसऱ्या कुणासारखे दिसायचे आहे? तयार संच मिळतील. हरणांसाठी वाघाचा, सशांसाठी हत्तीचा. दोन घेतल्यास बत्तासा मोठा.'

सगळ्यांनी घेतले. कारण न घेणारा एकटाच उघडा पडला असता.

दौलतरावाचं काय झालं, असं कुणीतरी मागून विचारतंय. सांगतो. त्याला त्या दिवशी खाल्लेल्या लाडवाची चव लागली होती. गुडघ्यालाही बरं वाटलं होतं. त्याने लाडू मागवले. लाडवांवर तेल मागवलं. तेलावर रुमाल मागवला. आणि एका सकाळी त्याचं पान 'ताई' म्हणत आलं. त्यावर एकही शिकार नव्हती. कोवळ्या गवताच्या जुड्या होत्या आणि पाडसाला ठेवायची नावं होती. दौलतराव उपाशीपोटी पान उलटंपालटं करत राहिला. शेवटी पानावाचून, नुसत्या नाकाने हरीण शोधायला तो बाहेर पडला. पण नाकाचं काम त्याने इतकी वर्षं काढून घेतलं होतं, की ते आता काही सांगेनासं झालं होतं. तो एका उंबराभोवती चकरा मारून संध्याकाळी घरी परतला आणि त्याने आणखी लाडू मागवले.

आणि गुणाजी?

शेवंताला आता दुपारी लांब जावं लागायचं. वाघाचे संच घ्यायचे म्हणजे जास्त डिंक गोळा करायला हवा. पाडस कुणापाशी ठेवायचं हा प्रश्न होता. सासूला जेवल्यावर डोळा लागायचा. शेवंता म्हणाली, गुणाजीभाऊंना बोलावू. सासू कडाडली. तरसाच्या हाती पोर देणार का, म्हणाली. शेवंताने सांगितलं, की यानेच आपल्याला वाचवलं. सासू म्हणाली, असेल. शेवंताने सांगितलं, की तो जिवंत प्राण्याला शिवत नाही. सासू म्हणाली, नसेल. पण शेवटी तो तरस आहे, मला डोळे आहेत.

दुसऱ्या दिवशी सासूच्या नावाने पान आलं. ती दोन खुरांत धरून बराच वेळ वाचत बसली. त्यावर लिहिलं होतं, 'आपल्या जवळपास, पाडस सांभाळण्यासाठी: गुणाताई. ओढ्याकाठ. अनुभवी, शांत, बाळंतपण नीट पार पडलेले.'

दुपारी गुणाजी अवघडून दारात उभा राहिला, तेव्हा सासूनेच पुढे होऊन त्याला आत घेतलं. पाडसाच्या शेजारी जागा करून दिली.

गुणाजीला ते खरं वाटेना. तरीही त्याला कुणाला फसवायचं नव्हतं. त्या घरात तरी आपल्याला आपल्या नावाने घ्यावं, असं त्याला फार वाटत होतं.

"सासूबाई," तो म्हणाला, "मी तरस आहे."

"तुम्ही कशाला सांगता?" सासू म्हणाली. "तुम्ही कोण ते पानावर आलंय." आणि ती कुशीवर वळून झोपी गेली.

गुणाजी पाडसाजवळ बसला. पाडसाला वाचता येत नव्हतं. त्याने गुणाजीकडे नीट पाहिलं, त्याचे पट्टे हुंगले, आणि त्याच्या उतरत्या पाठीवरून घसरगुंडी खेळायला सुरुवात केली.

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलणाऱ्याला कुणाची भीती नसते, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. ते शिकवणाऱ्याच्या दारात अजून पान आलेलं नसावं. आपल्याला जो ओळखत नाही त्याच्यापासून आपल्याला धोका नसतो. तेव्हा शेजाऱ्याशी खरं वागा आणि दुकानदाराशी मन लावून खोटं वागा. आणि हो, ही गोष्ट तुम्हाला आवडली असेल, तर कुणी विचारल्यावर अजिबात आवडली नाही असं सांगा. नाहीतर उद्यापासून तुम्हाला जन्मभर तरसांच्याच गोष्टी ऐकाव्या लागतील.